काट्यावरचा कॉम्प्युटर

आमच्या काट्यावरचा कॉम्प्युटर नारळाच्या पाण्याने मेला, हे मी कचेरीत सगळ्यांसमोर सांगितलं तेव्हा लोक पोट धरून हसले. हसू देत. घडलं ते तसंच घडलं आणि मला त्याची लाज वाटत नाही.

आष्ट्याच्या अलीकडे, रस्त्याला लागून आमचा वजनकाटा आहे. जमिनीत बसवलेला लांबरुंद लोखंडी पाट. उसाने भरलेला ट्रॅक्टर ट्रॉल्यांसकट त्यावर चढतो, शेजारच्या खोलीत आकडा उमटतो, कॉम्प्युटर तो नोंदवतो आणि पावती छापतो. कारखान्याला ऊस घालणारे शेतकरी आधी आमच्याकडे वजन करतात आणि मग कारखान्याच्या काट्यावर जातात. दोन्ही आकडे जुळले की प्रश्न मिटला. पण गेले तीन हंगाम ते जुळत नव्हते. आमच्याकडे सत्तावीस टन तीनशे चाळीस किलो, तिथे सव्वीस टन सहाशे नव्वद. चार किलोमीटरच्या वाटेत साडेसहाशे किलो ऊस कुठे जातो? वाटेत काय हत्ती उभे असतात?

शेवटी साठ शेतकऱ्यांनी तहसील कचेरीत तक्रार दिली. सुनावणीची तारीख पडली दहा नोव्हेंबर. पुरावा काय, तर आमच्या कॉम्प्युटरमधली तीन हंगामांची नोंद. लोकांकडच्या पावत्या निम्म्या खिशातच धुतल्या गेल्या होत्या आणि उरलेल्यांची शाई उडाली होती. म्हणजे ती नोंद गेली की तक्रार गेली, इतका साधा हिशेब होता.

मी राजेश्वरी. माहेर खंडाळ्याचं. नवरा मानसिंग फौजेत, सध्या राजस्थानात. काटा मी चालवते. लग्नाआधी माहेराजवळच्या एका कंपनीत दोन वर्षं मशिनांची चाचणी घ्यायचं काम केलं होतं, तिथे सगळं विंडोजऐवजी लिनक्सवर चालायचं. आष्ट्यात कुणाला त्याचं कौतुक नव्हतं. इथे मी काट्यावरची वैनी, बास.

आता नारळाचं. खंडेनवमीला आमच्याकडे घरातली सगळी हत्यारं, अवजारं पूजतात. कोयते, खुरपी, पाइप पाना, ट्रॅक्टर, माझ्या सासऱ्यांची फौजेतली टोपीसुद्धा. त्या दिवशी यंत्राला हात लावायचा नाही, त्याला विश्रांती. माझी सासू रंगूबाई दरवर्षी कॉम्प्युटरला हळदकुंकू वाहते, झेंडूचा हार घालते. एवढं मी चालवून घेते. या वर्षी त्यांनी दारातल्या दगडावर नारळ फोडला आणि पाणी वाटीत धरून आत नेलं. टेबलावर आडव्या ठेवलेल्या कॉम्प्युटरच्या डब्याला वरून जाळी आहे. त्या जाळीतून त्यांनी ते पाणी घातलं, पिंडीवर घालतात तसं, भक्तिभावाने, थोडं थोडं.

यंत्राला हात लावायचा नाही म्हणून दिवसभर मी खोलीत फिरकले नाही. दसऱ्याला सकाळी बटण दाबलं. आत फट्ट झालं आणि गोडसर, जळका वास आला. खोबरं करपल्यासारखा.

"आत्या, ह्यात काय घातलंसा?" मी विचारलं.

"औंदा त्याच्याकडनं लय मोठं काम हाय म्हनलं," त्या म्हणाल्या. "म्हून नारळाचं पानी घातलं. का गं?"

मी जे बोलले ते इथे लिहीत नाही. त्या दोन दिवस जेवल्या नाहीत, मीही धड जेवले नाही. आणि बॅकअप होता का, हे विचारू नका. होता. त्याच कॉम्प्युटरमध्ये, दुसऱ्या फोल्डरात.

ज्याने पंधरा वर्षांपूर्वी ते वजनाचं सॉफ्टवेअर बसवलं होतं, त्या माणसाला फोन लावला. तो म्हणाला, "मॅडम, ते जुन्या विंडोजवरच चालतं, एक्सपीवर. आता कुणी ठेवत नाही. नवं घ्या." जुनी नोंद नव्यात येईल का? "नाही येणार. दोन्हींचा साचा वेगळा. विसरा ती." विसरा म्हणे. साठ माणसांचा ऊस विसरा.

चौथ्या दिवशी कारखान्याचे शेती अधिकारी विश्वजीतराव जीपमधून उतरले. नारळाची बातमी त्यांच्यापर्यंत पोचली होती. पांढरा शर्ट, चेहऱ्यावर दुखवट्याला आल्यासारखा भाव.

"वैनी, वाईट झालं गड्या," ते म्हणाले. "पर डोक्याला ताप करून घिऊ नका. आमच्याकडं कॉम्प्युटरवाली पोरं हायत, बघत्याल. माझा ट्रॅक्टर हिकडंच आलाय, त्यो डबा द्या टाकून त्यात."

एक डबा न्यायला ट्रॅक्टर. बाहेर खरंच निळा ट्रॅक्टर उभा होता आणि चालवायला गुंडा बसला होता. गुंडाला मी चांगली ओळखत होते. गेला हंगामभर तो दिवस उगवायच्या सुमाराला, बाकी कुणी यायच्या आधी काट्यावर यायचा. शेतकऱ्याचं नाव विचारलं की म्हणायचा, "माझंच लिवा, गुंडा." मला वाटायचं, असेल भावकीचा ऊस. हा ट्रॅक्टर साहेबांचा आहे, हे मला त्या क्षणी कळलं. गुंडाने माझ्याकडे बघितलं नाही. तो स्टिअरिंगवरची धूळ बोटाने पुसत बसला.

माझ्या अंगात जे शिरलं त्याला राग म्हणतात. चांगला, ताजा राग. चार दिवस मी रडतराऊतासारखी बसले होते, ते संपलं.

"डबा हितंच ऱ्हाईल," मी म्हणाले. "आमचा हाय, आमीच बघू."

"त्यात काय उरलंय आता?"

"उरलं न्हाई तर तुमी कशाला न्हेताय?"

विश्वजीतराव हसले, पण दात तेवढे दिसले. जाताना म्हणाले, "दहा तारखेला भेटू मग."

दुसऱ्या दिवशी मी खोलीला कुलूप घातलं आणि सांगली गाठली. तिथे मधुकाकांचं जुन्या कॉम्प्युटरांचं दुकान आहे. काका सदाशिवपेठी बोलतात पण मन सांगलीचं आहे. त्यांनी आधी मला एक लॅपटॉप दाखवला, लाल-निळ्या चमकणाऱ्या कळांचा.

"मुलांना फार आवडतो हा," ते म्हणाले.

"मला काट्यावर बसवायचाय काका, वरातीत नाही न्यायचा."

मला काय हवं ते मी सांगितलं. पहिलं, मागे नऊ पिनांचा जुना सिरीयल पोर्ट हवा, कारण काट्याची वायर त्यातच बसते आणि बाहेरून लावायची स्वस्त पिन ऐन गर्दीत दगा देते. दुसरं, प्रोसेसर असा हवा की एका कॉम्प्युटरच्या आत दुसरा कॉम्प्युटर चालवता आला पाहिजे. तिसरं, आठ जीबी मेमरी आणि नवी, न फिरणारी डिस्क. दिसायला कसाही चालेल.

काकांनी कोपऱ्यातल्या ढिगाकडे बोट केलं. कुठल्याशा ऑफिसातून निघालेले पंधरा-वीस काळे डबे होते. "हे आहेत. पण ताई, यांच्यावर नवं विंडोज बसत नाही, म्हणून तर काढून टाकलेत. तुम्हाला हवं तर मी जुनंच टाकून देतो. परवान्याचं बघायचं नाही, सगळे तसंच चालवतात."

"सगळ्यांना दहा तारखेला कचेरीत उभं राहायचं नाहीये काका. मी तिथे दुसऱ्याची चोरी सांगायला जाणार, आणि माझ्याच टेबलावर चोरीचा माल?"

मी पर्समधून पेनड्राइव्ह काढला. त्यात लिनक्स होतं, घरच्या लॅपटॉपवर तयार करून आणलेलं. एकेक डबा मी त्या पेनड्राइव्हवरूनच सुरू करून पाहिला. पहिल्याचा पंखा रडत होता. दुसऱ्याला सिरीयल पोर्टची नुसती खाच होती, आत काही नव्हतं. तिसऱ्यात सगळं होतं, पण आत कॉम्प्युटर चालवायची सोय बंद ठेवलेली होती. मी सुरुवातीच्या निळ्या-करड्या पानावर जाऊन ती चालू केली, परत आले, दोन आज्ञा लिहिल्या. उत्तर आलं, सोय आहे. काका तोपर्यंत स्टूल ओढून माझ्या शेजारी बसले होते.

"हे फुकट असतं?" त्यांनी विचारलं.

"फुकट आणि आपलं. कुणी येऊन म्हणत नाही की तुझं यंत्र जुनं झालं, फेकून दे."

तो तिसरा डबा घेऊन मी निघाले तेव्हा काकांनी मला एक चांगली वायर आपणहून दिली आणि त्या पेनड्राइव्हची एक प्रत मागून घेतली.

घरी आल्यावर मी आधी पंच बोलावले. होय, पंचनामाच केला. आमच्याकडे बांध सरकला तरी पंच बसतात, मग हे तर साठ जणांच्या उसाचं काम. तक्रारदारांतले दोघे आले आणि तिसऱ्या रंगूबाई. सासऱ्यांच्या जुन्या खाटेवर तिघं बसले. त्यांच्यासमोर मी मेलेला डबा उघडला. आत झेंडूची पाकळी निघाली. डिस्क मात्र डब्याच्या पुढच्या बंद कप्प्यात होती, तिच्यापर्यंत पाणी पोचलं नव्हतं. ती नव्या मशिनला जोडली, तिच्यावर काही लिहिलं जाणार नाही अशी तजवीज केली आणि अख्ख्या डिस्कची जशीच्या तशी नक्कल उतरवून घ्यायला लावली. तासाभराने नक्कल झाली. मग लिनक्सला त्या नकलेचा ठसा काढायला सांगितला. चौसष्ट अक्षर-आकड्यांची माळ. नोंदीतला एक किलो जरी कुणी इकडचा तिकडे केला तर सगळी माळ बदलते. ती मी कागदावर हाताने उतरवली, तारीख घातली, तिघांच्या सह्या घेतल्या. मूळ डिस्क फडक्यात गुंडाळून शिवली आणि शिवणीवर पुन्हा सह्या. रंगूबाईंनी सही करायला पाच मिनिटं घेतली, पण अख्खं नाव लिहिलं.

मग खरी झटापट. नकलेची आणखी एक प्रत काढली आणि तिच्यावर काम सुरू केलं. लिनक्सच्या आत एक खोटा कॉम्प्युटर उभा करायचा, त्याला मोजून मेमरी द्यायची, ती प्रत त्याची डिस्क म्हणून जोडायची. आतल्या जुन्या विंडोजला वाटावं की आपण आपल्याच जुन्या डब्यात आहोत. मी हे आत्यांना समजावत होते.

"म्हंजी त्येला कळतच न्हाई, आपला डबा मेलाय त्ये?" त्यांनी विचारलं.

"न्हाई कळत."

"बरंय मग. कळू दिऊ नगं."

पण त्याला कळलं. पहिल्यांदा सुरू केलं तेव्हा निळा पडदा आणि बंद. दहा वेळा केलं, दहा वेळा निळा पडदा. दोन दिवस दुपारच्या वेळात मी तेवढंच करत होते. मानसिंगचा फोन आला तर म्हणाला, "सोड ना, एवढं काय?" मी फोन ठेवून दिला. सोडायचं असतं तर ट्रॅक्टरमध्येच डबा दिला असता. तिसऱ्या दिवशी लक्षात आलं की मी खोट्या कॉम्प्युटरला नव्या पद्धतीची डिस्क जोडत होते आणि आतलं विंडोज जुन्या पद्धतीची शोधत होतं. एक ओळ बदलली. काळा पडदा, मग ती ओळखीची हिरवी टेकडी आणि निळं आभाळ. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. एक्सपीची टेकडी बघून रडणारी मी आष्ट्यातली पहिलीच बाई असेन.

सॉफ्टवेअर मात्र उघडेना. "लॉक सापडत नाही," म्हणे. त्याच्याबरोबर एक छोटं यूएसबी लॉक येतं, ते लावल्याशिवाय ते चालत नाही. लॉक मशिनला लावलं होतं, पण आतल्या डब्याला ते दिसत नव्हतं. ते बाहेरून आत सोपवलं. आणि उघडलं. तीन हंगाम, एकूण एक खेप, नंबर, नाव, वजन, वेळ.

मी गुंडा नावाने शोधलं. गेल्या एका हंगामात एकतीस खेपा. सगळ्या सकाळी साडेसहाच्या आत. सगळ्यांना तोच ट्रॅक्टर, शेवटचे आकडे ४४७१. विश्वजीतरावांच्या ट्रॅक्टरचा नंबर मी त्या दिवशी खडूने भिंतीवर लिहून ठेवला होता. तो बघायला मला मान वळवावी लागली नाही, तो पाठच होता.

हंगाम सुरू झाला. काट्याची वायर नव्या मशिनला लावली, आतल्या डब्याला सोपवली, पावत्या छापू लागल्या. आत्या लांबून बघत होत्या. आत येऊ का, असं त्यांनी विचारलं. त्यांच्याच घरात त्या मला विचारत होत्या. मी त्यांना हाताला धरून आत नेलं आणि टेबलावर कुंकू लावायला लावलं. टेबलावर. डब्यावर नाही.

दहा तारखेला मी सगळं मशिन उचलून कचेरीत नेलं. नायब तहसीलदार मॅडम होत्या, कडक, वेळेच्या पक्क्या. मागे साठातले पन्नास तरी शेतकरी उभे होते, त्यांच्यात आत्याही. मी नारळापासून सांगितलं. हशा झाला. मॅडमही ओठ दाबून खाली बघत होत्या.

विश्वजीतराव उठले. कचेरीत ते शुद्ध बोलतात. "मॅडम, कॉम्प्युटर जळाला असं त्या स्वतःच म्हणतात. मग ही नोंद आली कुठून? नवं मशिन, नवी नोंद. घरी बसून टाइप केली असेल."

मी कागद पुढे केला. पंचांच्या सह्या, तारीख, चौसष्ट अक्षरं. मग शिवलेलं फडकं ठेवलं. म्हणाले, "मॅडम, नकलेचा ठसा तुमच्यासमोर पुन्हा काढते. कागदाशी जुळला नाही तर मी आत्ता घरी जाते."

आज्ञा लिहिली आणि बटण दाबलं. दहा मिनिटं लागली. पडद्यावर माळ आली. मॅडम कागदावरून एकेक अक्षर वाचत होत्या आणि त्यांचे कारकून पडद्यावरून. चाळिसाव्या अक्षराला कारकून अडखळले. त्यांनी चष्मा पुसून परत वाचलं. जुळलं. चौसष्टच्या चौसष्ट.

"पण काटाच चुकीचा असेल तर?" विश्वजीतराव म्हणाले. त्यांचा आवाज चढला होता. "रस्त्याकडेचा काटा. कारखान्याशी संबंध असलेला कुठलाही शहाणा माणूस त्या वजनावर भरवसा ठेवत नाही."

हेच मला हवं होतं. मी आतला डबा उघडला, सॉफ्टवेअर चालू केलं, ट्रॅक्टरच्या रकान्यात चार आकडे टाकले आणि पडदा मॅडमकडे वळवला.

"एकतीस खेपा, मॅडम. एका हंगामात आमच्या काट्यावर सगळ्यात जास्त भरवसा ह्या माणसाने ठेवलाय. दर खेपेला आधी आमच्याकडे वजन, मग कारखान्यात. ह्या ट्रॅक्टरचा मालक कोण, ते त्यांनाच विचारा. ते इथेच उभे आहेत."

मॅडमनी नंबर वाचला. कारकुनांनी तो लिहून घेतला. मागून कुणीतरी म्हणालं, "आरं तिच्यायला, सायबांचाच की!" आणि पन्नास माणसांचं हसू एकदम फुटलं. पण ते नारळाला हसले होते तसं नव्हतं. मॅडमनी टेबलावर हात आपटला, तरी थांबेना.

कारखान्याचा काटा शेतकऱ्यांच्या समोर, प्रमाणित वजनं ठेवून तपासायचा आणि तोवर आमची नोंद ग्राह्य धरायची, असा आदेश त्याच दुपारी निघाला. मशिन परत आणताना आत्यांनी ते भाड्याच्या जीपमध्ये मांडीवर घेतलं. माझ्याकडे दिलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सव्वासहाला काट्यावर निळा ट्रॅक्टर चढला. मला वाटलं, काहीतरी भांडण घेऊन आलाय. गुंडा खाली उतरून खिडकीशी आला, मुंडासं सारखं करत उभा राहिला.

"वैनी, वजन करायचं हाय."

"नाव काय लिवू?"

तो पायाने माती उकरत होता. "मालकांचंच लिवा. म्हनले, आता काय लपवायचं ऱ्हायलंय."

मी पूर्ण नाव टाइप केलं, वडिलांच्या नावासकट, आडनावासकट. दोन पावत्या छापल्या. एक गुंडाच्या हातात दिली. दुसरी खिडकीच्या काचेला आतून चिकटवली, रांगेत उभ्या राहणाऱ्या प्रत्येकाला बाहेरून वाचता येईल अशी.